लांबलेली लहर

शेवटची लहर खाली टेकायला वेळ घेत होती.

हृदयाच्या एका ठोक्याची कागदावर जी खूण उमटते, तिच्यात आधी एक छोटा उंचवटा येतो, मग एक टोकदार सुळका आणि त्यानंतर एक ऐसपैस, गोलसर लहर. सगळ्यांचं लक्ष सुळक्याकडे जातं. मी त्या गोलसर लहरीची शेपटी बघते. ती मूळ रेषेला नेमकी कुठं टेकते, ते. या कागदावर ती टेकतच नव्हती. मध्ये किंचित दबत होती, पुन्हा वर येत होती आणि पुढच्या ठोक्याचा उंचवटा यायला आला तरी तिची उतरण संपत नव्हती.

"आत्या, झालं का? गार लागतंय," टेबलावरून स्वप्नाली म्हणाली.

"हलू नकोस. अजून एक पट्टी काढते."

पडद्याबाहेर बाकावर वहिनी बसल्या होत्या. पडद्याखालून त्यांच्या चपला आणि ब्लाउजपिसांची पिशवी दिसत होती.

"वन्सं, कागद-बिगद काढू नका हं. नुसतं मशीनवर बघा आणि सांगा."

"कागदावरच दिसतं, वहिनी."

"मग बघून झालं की फाडून टाका. ह्यांना कळलं तर माझं काही खरं नाही. शिंप्याकडं जातो म्हणून आलोय आम्ही."

स्वप्नाली हसली आणि कागदावरची रेघ थरथरली.

"हसलीस की पट्टी खराब होते."

"आईला सांग की. तीच हसवतीय."

मी सगळ्या जोडण्या पुन्हा तपासल्या. उजवा हात, डावा हात, दोन्ही घोटे. छातीवरचे रबरी फुगे काढले, जेली पुसली, नवी लावली, फुगे पुन्हा बसवले. चूक यंत्राची असावी असं मला वाटत होतं, म्हणून मी यंत्राला चुकायची पुरेपूर संधी दिली. दुसरी पट्टी पहिलीसारखीच आली.

याला आता बरीच वर्षं झाली. मिरजेच्या ज्या रुग्णालयात मी ईसीजी काढायचे, तिथं आता संगणकावर सगळं आपोआप मोजलं जातं. तेव्हा मी कंपासपेटीतल्या दुभाजकानं मोजायचे. एक टोक ठोक्याच्या सुरुवातीला ठेवायचं, दुसरं लहरीच्या शेवटाला आणि मग दोन्ही टोकं तशीच उचलून बारीक चौकटींवर टेकवायची. त्या दिवशी दुसरं टोक ठेवायला मला जागा सापडत नव्हती.

"घरी काय झालं ते मला परत सांग," मी म्हणाले. "सावकाश."

"दुपारी झोपले होते. उशाशी फोन वाजला. मी दचकून उठून बसले एवढं आठवतंय. त्यानंतर एकदम आईचा चेहरा आणि कांद्याचा वास."

"अर्धा कांदा फोडून नाकाला लावला तेव्हा आली शुद्धीवर," वहिनी बाहेरून म्हणाल्या. "हातपाय असे ताठ. डोळे वर. बघवत नव्हतं. ह्यांचं म्हणणं, ऊन लागलं. घरात झोपलेल्या पोरीला ऊन कुठनं लागतंय?"

"याच्या आधी कधी?"

"शाळेत एकदा," स्वप्नाली म्हणाली. "घंटेच्या खालीच उभी होते. उपवास होता त्या दिवशी, म्हणून सगळे म्हणाले उपवासानं झालं."

मी कापसाचा बोळा तिच्या हातात दिला. "पूस आणि कपडे घाल. मी डॉक्टरांना दाखवून येते."

"वन्सं," वहिनींचा आवाज आता पडद्याच्या अगदी जवळून आला. "तसलंच आहे का?"

मी कागदाची सुरळी करून बाहेर पडले.

डॉक्टर इनामदारांची खोली दोन दारं सोडून होती. त्यांनी पट्टी टेबलावर पसरली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "आज का काढलात? गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"माझा नाही, सर. माझ्या भाचीचा आहे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

माझा पहिला कागद त्यांनीच वाचला होता. त्याआधीची कितीतरी वर्षं मी फिट येणारी मुलगी होते. चुलतबहिणीच्या लग्नात वरात मांडवाच्या दारात आली, फटाक्यांची माळ लागली आणि मी हातातल्या तबकासकट खाली पडले. कुणी चप्पल हुंगवली, कुणी हातात लोखंडाची किल्ली कोंबली. शुद्धीवर आले तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी मला पाहिलेलं होतं. त्यानंतर मला बघायला येणाऱ्यांच्या कानावर माझ्याआधी ती बातमी गेलेली असायची. चहा-पोहे व्हायचे, पाहुणे कौतुक करून जायचे आणि कळवतो म्हणायचे. फिटच्या गोळ्यांनी दिवसभर झापड यायची. त्याच झापडेत मी भौतिकशास्त्रात पदवी घेतली आणि मग इथं ईसीजी शिकायला आले.

शिकाऊ मुली एकमेकींवर सराव करायच्या. माझी पाळी झाली आणि वर्ग सुटल्यावर डॉक्टर इनामदार माझा कागद घेऊन थांबले. ते तेव्हा नवीन होते, अगदी तरुण. त्यांनी विचारलं, "तुम्ही कधी बेशुद्ध पडता का? मोठा आवाज झाला की?" तोवर डॉक्टर कितीतरी झाले होते, आवाजाचं कुणी विचारलं नव्हतं. फिटच्या गोळ्या बंद झाल्या, हृदयाच्या सुरू झाल्या. त्यानंतर मी पडले नाही.

त्याच आठवड्यात मी गावी जाऊन दादाला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं कळलं ते. पण आता कुणाकुणाला सांगत बसतीस? फिट काय आणि हृदय काय, लोकांना एकच." हे रक्तातून येतं, म्हणून मी त्याला म्हणाले की तुझा आणि बाळाचा कागद काढू. स्वप्नाली तेव्हा रांगत होती. "बघू," तो म्हणाला. पुढं दर दिवाळीला मी विचारायचे आणि दर दिवाळीला तो म्हणायचा, बघू.

"वडलांचाही काढायला हवा," डॉक्टर म्हणाले.

"हो."

"मुलीचं वय काय?"

"लग्न ठरलंय तिचं, सर. या उन्हाळ्यात आहे."

"मग जिथं जाणार आहे तिथल्या माणसांना समजावून सांगावं लागेल. मी सांगू का? त्यांना घेऊन या इकडं."

"आधी घरी बोलते," मी म्हणाले.

*

रविवारी मी दादाकडे गेले. माझा भाऊ भरतेश, मी त्याला दादाच म्हणते, खताच्या दुकानाचा मालक. गावात त्याच्या शब्दाला मान आहे. सोप्यात जाजमावर पत्रिकांचे गठ्ठे होते आणि तो हळद-कुंकवाची बोटं लावून एकेक पत्रिका बाजूला ठेवत होता. वहिनींनी त्याला आदल्या रात्रीच सगळं सांगितलं होतं. स्वप्नाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"डॉक्टर गोळ्या देतायत ना?" दादानं मान वर न करता विचारलं. "मग झालं. घेईल ती गोळ्या."

"चोरून?"

"चोरून कशाला? ताकदीच्या म्हणून घेईल."

"दादा, गोळ्यांनी धोका कमी होतो, संपत नाही. घरातल्यांना माहीत हवं. ताप आला, उलट्या झाल्या, तर कुठलंही औषध तिला देऊन चालणार नाही. उशाशी गजराचं घड्याळ चालणार नाही. आणि पडली तर कांदा फोडत बसून चालणार नाही. छाती दाबावी लागते, पळापळ करावी लागते."

"मी काय मुद्दाम कांदा फोडला का?" वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडं तेच करत आलेत."

"तुम्हाला नाही म्हणत, वहिनी. विमलाबाई पण कांदाच फोडणार ना?"

विमलाबाई म्हणजे स्वप्नालीची होणारी सासू. दादानं बोटं पुसली. "आणि त्यांनी लग्न मोडलं तर?"

मी एक पत्रिका उचलून परत गठ्ठ्यावर ठेवली.

"बोल की. तू शिकलीस. सांग."

"मोडतील कदाचित."

"कदाचित नाही. मोडतीलच. तुझं काय झालं ते दिसतंय की आम्हाला."

"अहो, काय बोलताय," वहिनी म्हणाल्या.

"खोटं बोलतोय काय? एक बसली घरात. दुसरी बसवायची नाही मला."

मी घरात बसले नव्हते; मी मिरजेत भाड्याच्या खोलीत राहत होते. पण त्याला काय म्हणायचंय ते मला कळत होतं आणि तो मला दुखवायला बोलला नव्हता, हेही कळत होतं. तो घाबरला होता.

"फटाक्यांचं म्हणत असशील तर ते मी बघतो," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. "आपण जैन. फटाक्यानं जीव मरतात, आम्हाला चालत नाही, असं सांगतो त्यांना. विषय संपला."

"तुझ्या दुकानात उंदराचं औषध मिळतं की, दादा."

स्वप्नाली दारात फिसकन हसली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. दादालाही हसू आलं, पण त्यानं ते गिळलं.

"आणि तुझा कागद?" मी विचारलं. "डॉक्टरांनी सांगितलंय. हे आपल्या बाजूनं आलंय, वहिनींच्या नाही."

"मला काय धाड भरलीय? युरियाची पोती उचलतो मी अजून."

"पोती उचलता," वहिनी म्हणाल्या, "आणि दिवाळीत सगळ्यांच्या आधी कानात कापूस घालून माजघरात जाऊन बसता. कुणी बघत नाही असं वाटतं तुम्हाला?"

दादाचा चेहरा असा झाला, जसा लहानपणी चोरी पकडल्यावर व्हायचा. त्यानं पुढची पत्रिका उचलली, हळद लावली, कुंकू लावायचं विसरून बाजूला ठेवली.

"मी सांगेपर्यंत कुणी बोलायचं नाही," तो म्हणाला. "त्रिशला, तू तर अजिबात नाही."

"तिचं मी बोलणार नाही," मी म्हणाले. "ते तिचं आहे."

गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. लग्नघरची कामं. ऊन कलायला लागलं तशी स्वप्नाली त्या गोळा करायला वर गेली, तिच्यामागं मीही गेले. ती एकेक कुरडई उलटून, खालून ओली आहे का बघत होती.

"अभिनंदन रोज संध्याकाळी फोन करतो," ती होणाऱ्या नवऱ्याबद्दल म्हणाली. "आता मी आधीच फोनला हात लावून बसते. म्हणजे वाजला की लगेच उचलता येतो. तो म्हणतो, एवढी वाट बघतीस माझी?"

"मग तू काय म्हणतेस?"

"होय म्हणते." ती हसली, पण लगेच थांबली. "चांगला आहे गं तो. बँकेत सगळ्यांची कामं अंगावर घेतो आणि आईची बोलणी खातो. त्याला सांगितलं आणि तो गेला तर?"

"तर तो जाईल."

"आणि मी? मी तुझ्यासारखी..." तिनं ओठ चावला. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"म्हण की. माझ्यासारखी राहशील. वाईट नसतं. फार शांत असतं, एवढंच."

तिला माझी खोली माहीत होती. माझ्या दाराला बेल नाही. शेजारच्यांना बोटांनी हळू टकटक करायची सवय झाली आहे. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फोनची घंटा मी कधीच काढून टाकली. दिवाळीत मी मुद्दाम ड्यूटी मागून घ्यायचे, कारण रुग्णालयातल्या एक्स-रेच्या खोलीच्या भिंती जाड आहेत. बाकीच्यांना मी भली बाई वाटायचे. सणासुदीला दुसऱ्यांना सोडणारी.

"एकटी असताना पडलीस तर, अशी भीती नाही वाटत?"

"वाटते."

"मग शेजारी कुणाला तरी सांगून का ठेवत नाहीस?"

मी हातातली कुरडई परडीत ठेवली. तिच्या बारीक काड्या मोडल्या.

"तुम्हा सगळ्यांसारखी मलाही सवय लागली गं गप्प बसायची," मी म्हणाले. तिनं मोडलेल्या काड्या वेचल्या.

"माझ्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा मी नेहमी आतल्या खोलीत असायचे," मी म्हणाले. "बाहेर आई-दादा बोलायचे. मला कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ते मला माहीत नाही. तुला विचारतील असं नाही. पण बस्त्याला तू बाहेर बसलेली असशील."

"बस्त्याच्या दिवशी सांगते," ती एकदम म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "नको. सगळ्यांसमोर नको. लग्न झाल्यावर त्याला एकट्याला सांगते." परडी उचलून जिन्याशी गेल्यावर ती वळली. "आत्या, बस्त्याला तू येणार आहेस. नाहीतर मी जात नाही."

*

बस्ता सांगलीला होता. दोन्हीकडची माणसं एकाच दुकानात बसून लग्नाचे सगळे कपडे घेतात. मानाच्या साड्यांपासून नवऱ्या मुलाच्या रुमालापर्यंत. बस्ता बांधला की लग्न पक्कं. त्यानंतर मोडलं तर दोन्ही घरांची शोभा होते. म्हणून त्या दिवशी दुकानाच्या पायऱ्या चढताना मी स्वप्नालीच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती रात्रभर झोपली नसावी.

पांढऱ्या गाद्यांवर एका बाजूला दादा, वहिनी, स्वप्नाली. समोर अभिनंदन आणि विमलाबाई. विमलाबाई ऐसपैस, मोकळ्या, सतत बोलणाऱ्या. अभिनंदन सडपातळ, शर्टाच्या खिशाला पेन लावलेला. मी भिंतीकडेला, लोडाला टेकून, जरा लांब. दुकानातला माणूस एका हाताच्या झटक्यानं साडी उलगडत होता आणि प्रत्येक वेळी हवेत नव्या कापडाचा वास येत होता.

"ही बघा, विहीणबाई," विमलाबाई म्हणाल्या. "हिरवी. शालूला हिरवाच शोभतो."

"मघाशी तूच म्हणालीस, हिरवा जुनाट दिसतो," अभिनंदन म्हणाला.

"तो हिरवा वेगळा होता. तू गप बस. तुला रुमालाचा रंग विचारला की बोल."

स्वप्नालीला हसू आलं. अभिनंदनानं तिच्याकडे बघितलं आणि तोही हसला. मला वाटलं, ती आता बोलेल. तिनं मांडीवरच्या साडीच्या काठाला चुणी घातली, सोडली, पुन्हा घातली.

दादानं घसा खाकरला. "वरातीचं कसं ठरवलंय तुम्ही?"

"माझ्या भावावर सोपवलंय सगळं," विमलाबाई म्हणाल्या. "त्यानं आत्ताच फटाक्यांची ऑर्डर देऊन टाकलीय. म्हणाला, एकुलता एक भाचा, सगळं गाव जागं करतो."

"त्याचंच म्हणत होतो मी. फटाके जरा... म्हणजे आपण जैन. जीव मरतात."

"अहो, मग आम्ही कोण? आम्ही पण जैनच की!" विमलाबाई मोठ्यानं हसल्या. "एवढं कुठं बघतंय आता, दादा. तुमच्या लग्नात नव्हते होय?"

"होते की," दादा म्हणाला. तोही हसला. "होते. बरोबर आहे तुमचं."

आणि त्यानं समोरच्या धोतरजोडीची किनार बोटांनी चाचपायला घेतली. विषय संपला होता. वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली नेली. स्वप्नालीनं काठाची चुणी सोडून दिली. तिचे हात मांडीवर तसेच पडून राहिले. ईसीजीच्या टेबलावर तिला क्लिपा लावताना मी ते हात असेच पाहिले होते. ती आता सांगणार नव्हती. लग्नाच्या आधी नाही आणि नंतरही नाही. नंतर सांगणं आणखी अवघड असतं. वरात येईल, ती माळ हातात घेऊन दारात उभी राहील आणि कुणीतरी वात पेटवेल.

"आणि तुम्ही काय हो, लांब बसलाय?" विमलाबाई माझ्याकडे वळल्या. "मुलीची आत्या म्हणजे मानाची. या की पुढं. तुमची साडी तुम्हीच निवडा. लग्नात मिरवायचंय तुम्हाला."

"त्यांचं काही सांगता येत नाही," वहिनी घाईनं म्हणाल्या. "दवाखान्याचं काम. सुट्टीच मिळत नाही हो. घरातल्या कुठल्याच लग्नाला त्यांना जमलं नाही."

"सख्ख्या भाचीच्या लग्नालासुद्धा? कसला मेला दवाखाना!"

दादा माझ्याकडे बघत नव्हता. पण त्याचं बोट किनारीवर थांबलं होतं. आता मी नेहमीसारखं हसून मान हलवायची, आणि साडीवाल्यानं पुढची साडी उलगडायची.

"सुट्टी मिळते," मी म्हणाले.

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. विमलाबाईंना नीट ऐकू गेलं नसावं. त्या पुढं झुकल्या.

"सुट्टी मिळते मला, विमलाबाई. मी लग्नांना जात नाही. फटाके वाजतात म्हणून. एकदम मोठा आवाज झाला की माझ्या हृदयाचा ताल बिघडतो आणि मी बेशुद्ध पडते. वेळेवर सावरलं नाही तर माणूस जातो. जन्मापासून आहे. लोकांना फिट वाटायची. माझं लग्न झालं नाही ते त्यामुळं. नोकरीमुळं नाही."

साडीवाल्याच्या हातात एक जांभळी साडी अर्धी उलगडून राहिली होती. तो ती घडी घालावी की पसरावी अशा विचारात पडला आणि शेवटी तशीच धरून उभा राहिला.

"अगं बाई," विमलाबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं, पण रागही आला नव्हता. "आणि हे औषधानं बरं नाही होत?"

"गोळ्या आहेत. रोज घेते. त्यानंतर पडले नाही. आवाजापासून जपते."

"एकट्याच राहता ना तुम्ही?"

"हो."

अभिनंदन माझ्याकडे बघत होता. त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "म्हणजे फोनची रिंगसुद्धा?"

"फोनची रिंगसुद्धा."

मी त्याला काहीतरी जुळवताना बघत होते, जसा बँकेतला माणूस न जुळणारी बेरीज पुन्हा वरून करत येतो. विमलाबाईंनी पुढ्यातली साडी बाजूला सारली. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो कुठल्याही मुलाच्या आईनं विचारला असता.

"घरात आणखी कुणाला आहे का हो हे?"

त्या माझ्याकडे बघून विचारत होत्या. माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते द्यायचं नाही असं मी कबूल केलं होतं. मी स्वप्नालीकडेही बघितलं नाही. मी खाली, गादीच्या पांढऱ्या कापडाकडे बघत राहिले.

"नाही, नाही," दादा म्हणाला. "तसं घरात कुणा—"

"बाबा," स्वप्नाली म्हणाली.

दादा थांबला.

ती विमलाबाईंकडे वळली नाही. समोर बसलेल्या मुलाकडे तिनं सरळ बघितलं.

"मला आहे, अभिनंदन," ती म्हणाली. "आत्याला आहे तेच."